बेरीज आणि रुसवा : अमेरिकन प्रायमरीच्या कथनांविषयी

माझ्या एका जुन्या वहीत ६ फेब्रुवारी २००८ या तारखेखाली 'हिलरी पुढे' असे दोन शब्द लिहिलेले आहेत. आदल्या दिवशी अमेरिकेत 'सुपर ट्यूसडे' पार पडला होता. डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी वीसहून अधिक राज्यांत एकाच दिवशी मतदान झाले होते. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स ही बडी राज्ये हिलरी क्लिंटन यांनी जिंकली होती. टीव्हीवरचा रंगवलेला नकाशा पाहून मी ते दोन शब्द लिहिले. ते चुकीचे होते. त्या दिवसाच्या मतदानातून बराक ओबामा यांच्या पदरात ८४७ प्रतिनिधी पडले होते आणि क्लिंटन यांच्या पदरात ८३४. फरक तेराचाच, पण उलट बाजूचा.

ही चूक अडाणीपणाची म्हणून सोडून देता आली असती. पण तोवर मी अमेरिकन निवडणुकांवरची बरीच पुस्तके वाचली होती. शिकवायला कोणी नव्हते. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून जे मिळेल ते वाचत गेलो होतो. एवढे वाचूनही साधी बेरीज मला का दिसली नाही, हा प्रश्न मनात राहिला. पुढे त्या पुस्तकांकडे पुन्हा वळलो, तेव्हा लक्षात आले की चूक एकट्या माझी नव्हती. प्रायमरीची गोष्ट सांगण्याची एक ठरावीक रीत आहे आणि ती रीत वाचकाची नजर नकाशाकडे आणि दोन चेहऱ्यांकडे वळवते. बेरीज मागे राहते. बेरजेबरोबर आणखी एक गोष्ट मागे राहते : हरलेल्या उमेदवाराची माणसे. या लेखात त्या रीतीची तपासणी करायची आहे.

तिकीट नव्हे, निवडणूक

आधी एक खुलासा. आपल्याकडे पक्ष 'तिकीट' देतो. ते कोणाला द्यायचे हे श्रेष्ठी ठरवतात, आणि ज्याला मिळत नाही तो एकतर मनधरणीने शांत होतो किंवा बंडखोरी करतो. अमेरिकेत पक्षाची उमेदवारी पक्षाच्या मतदारांकडून मिळवावी लागते. मराठी वाचकांना 'ही श्रीची इच्छा' या आत्मकथनामुळे माहीत असलेले बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. २०२२ मध्ये ते काँग्रेसच्या जागेसाठी प्रायमरीत उतरले, ती जिंकली आणि पुढे खासदार झाले. दोन्ही वेळी त्यांना तिकीट देणारे किंवा नाकारणारे असे श्रेष्ठी कोणी नव्हते.

अध्यक्षपदाच्या प्रायमरीत आणखी एक पायरी असते. मतदार उमेदवाराला मत देतात, पण त्या मतांतून निवडले जातात ते प्रतिनिधी. हे प्रतिनिधी उन्हाळ्यातल्या राष्ट्रीय अधिवेशनात जाऊन उमेदवारावर शिक्का मारतात. काही राज्यांत मतपेटीतून मतदान होते, तर काहींत 'कॉकस' म्हणजे ठरल्या वेळी जमून बाजू निवडण्याच्या सभा होतात. मते कशी मोजायची आणि त्यांचे प्रतिनिधींत रूपांतर कसे करायचे, याचे नियम पक्ष ठरवतो.

म्हणून या लढतीत दोन गोष्टी एकदम खऱ्या असतात. प्रतिस्पर्धी आपल्याच घरातला असतो. नोव्हेंबरात त्याच्याच प्रचाराला जावे लागणार असते. आणि जिंकणे-हरणे ज्यावर ठरते ते नियम घरातल्याच लोकांनी लिहिलेले असतात. भाऊबंदकीच्या दाव्यात वाटणीपत्र भावांपैकीच कोणीतरी लिहिलेले असावे, तसा हा प्रकार.

१९६० : प्रयोग म्हणून प्रायमरी

प्रायमरीच्या कथनाचा साचा थिओडोर व्हाइट यांनी घडवला. 'द मेकिंग ऑफ द प्रेसिडेंट १९६०' हे त्यांचे पुस्तक १९६१ मध्ये आले आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. जॉन केनेडी आणि ह्युबर्ट हम्फ्री यांच्यातली विस्कॉन्सिन आणि वेस्ट व्हर्जिनियाची लढत हा त्यातला सर्वांत वाचनीय भाग आहे. एकीकडे पैसा, खानदान, देखणेपण. दुसरीकडे मिनेसोटाचा बोलका, गर्दीत रमणारा, खिशाने हलका सिनेटर. व्हाइट हे कादंबरीकाराच्या हातोटीने सांगतात. मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचले तेव्हा रात्री दोनपर्यंत खाली ठेवले नव्हते.

त्याच विस्कॉन्सिनच्या लढतीवर रॉबर्ट ड्रू यांनी 'प्रायमरी' नावाचा तासाभराचा माहितीपट केला. रिचर्ड लीकॉक, डी. ए. पेनेबेकर, अल्बर्ट मेझल्स हे पुढे मोठे झालेले छायाचित्रकार त्यात होते. खांद्यावर वागवता येईल असा कॅमेरा हाती आल्याचा आनंद त्यातल्या चौकटी-चौकटीत दिसतो. सभागृहाच्या दारातून व्यासपीठापर्यंत केनेडी गर्दीतून वाट काढतात आणि कॅमेरा त्यांच्या पाठीशी, डोक्यावर उंच धरलेला, सरकत जातो. जॅकलिन केनेडी भाषण करतात तेव्हा कॅमेरा त्यांच्या पाठीमागे हातमोज्यांत चुळबुळणारी बोटे टिपतो. हम्फ्री थोड्याशा शेतकऱ्यांपुढे बोलतात, मोटारीत डुलकी घेतात. निवेदन जवळजवळ नाहीच.

या माहितीपटात समर्थक भरपूर दिसतात, पण ते गर्दी म्हणून दिसतात. हस्तांदोलनासाठी पुढे आलेले हात दिसतात. त्या हातांची माणसे का आली आहेत हे कळत नाही. व्हाइट यांच्या पुस्तकातही मतदार हा धर्म, प्रांत आणि धंदा यांच्या हिशेबात येतो. दोन्ही कृतींचे लक्ष उमेदवारांवर आहे, आणि १९६० पुरते हे अगदी योग्य होते, असे मला वाटते.

कारण १९६० मध्ये प्रायमरीने उमेदवार ठरत नव्हता. प्रायमरी घेणारी राज्ये थोडी होती. बहुसंख्य प्रतिनिधी राज्याराज्यांतल्या पक्षपुढाऱ्यांच्या मुठीत होते. वेस्ट व्हर्जिनियाच्या निकालाने तर तिथले प्रतिनिधीदेखील बांधले जात नव्हते. केनेडी तिथे गेले ते पुढाऱ्यांना एक गोष्ट दाखवून देण्यासाठी : कॅथलिक अगदी थोडे असलेल्या प्रॉटेस्टंट राज्यात कॅथलिक माणूस जिंकू शकतो. विस्कॉन्सिनमध्ये ते जिंकले होते, पण त्यांची मते कॅथलिक वस्तीच्या भागांत एकवटली होती. त्यामुळे पुढाऱ्यांची शंका फिटली नव्हती. १० मे रोजी वेस्ट व्हर्जिनियात त्यांना ६० टक्क्यांहून अधिक मते पडली, शंका फिटली, आणि हम्फ्री यांनी त्याच रात्री माघार घेतली.

म्हणजे तेव्हाची प्रायमरी हा नाटकातल्या अर्थाने 'प्रयोग' होता. प्रेक्षक म्हणून पुढारी बसले होते आणि नटाचा कस पाहत होते. प्रयोगाचे वर्णन करताना नटांकडे पाहावे लागते. व्हाइट यांनी तेच केले. त्यांचा साचा त्यांच्या विषयातून आला होता. पुढे विषय बदलला, साचा मात्र राहिला.

१९७२ : हिशेब सुरू होतो

१९६८ मध्ये हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. व्हिएतनाम युद्धाला विरोध करत यूजीन मॅकार्थी आणि रॉबर्ट केनेडी यांनी प्रायमऱ्या गाजवल्या होत्या. रॉबर्ट केनेडींची जूनमध्ये हत्या झाली. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनाबाहेर पोलीस निदर्शकांना झोडपत होते आणि आत पुढाऱ्यांनी हम्फ्रींच्या गळ्यात माळ घातली. नोव्हेंबरात ते निक्सन यांच्याकडून थोडक्यात हरले. या जखमेवर उपाय म्हणून पक्षाने जॉर्ज मॅक्गव्हर्न यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाचे म्हणणे थोडक्यात असे : प्रतिनिधी कसे निवडायचे याचे लेखी नियम हवेत, प्रक्रिया उघडी हवी, स्त्रिया, तरुण आणि कृष्णवर्णीय यांना वाजवी वाटा हवा. या नियमांतून मार्ग काढताना अनेक राज्यांनी सरळ प्रायमरीच स्वीकारली. पुढाऱ्यांची मूठ सैल झाली.

१९७२ मध्ये स्वतः मॅक्गव्हर्न उमेदवार होते. कॅलिफोर्नियात त्यांनी हम्फ्रींना हरवले. तिथे तेव्हा 'जिंकेल त्याला सगळे' हा नियम होता, म्हणून सर्व २७१ प्रतिनिधी त्यांना मिळाले. निकालानंतर विरोधी गटांनी पक्षाच्या समितीकडून त्यातले १५१ काढून घेतले. त्यांचे म्हणणे, मतांच्या प्रमाणात वाटणी व्हावी. हा वाद मायामीच्या अधिवेशनात आला आणि मॅक्गव्हर्न यांनी ते १५१ परत मिळवले.

त्या रात्रीची खरी गोष्ट मात्र त्याआधीच्या एका मतदानात होती. दक्षिण कॅरोलिनाच्या प्रतिनिधींत स्त्रिया पुरेशा नाहीत, अशी हरकत स्त्रियांच्या संघटनांनी घेतली होती. मॅक्गव्हर्न यांच्याच आयोगाच्या नियमांवर ती उभी होती आणि त्यांच्या गोटाचा तिला पाठिंबा होता. पण त्या हरकतीवरचा निकाल अगदी काठावर लागला असता, तर 'बहुमत म्हणजे नेमके किती' हा तांत्रिक प्रश्न उभा राहिला असता आणि त्याच्या उत्तरावर कॅलिफोर्निया हातचे गेले असते. म्हणून मॅक्गव्हर्न यांच्या गोटाने ऐन मतदानात आपलीच काही मते फिरवली आणि हरकत मुद्दाम, ठळकपणे हरू दिली. टीव्हीवरच्या नामवंत निवेदकांना ही त्यांची पीछेहाट वाटली. प्रत्यक्षात ते तिथेच जिंकले होते. ज्या स्त्रिया त्यांच्या भरवशावर तिथवर आल्या होत्या, त्यांच्यातल्या अनेकींना मात्र फसवले गेल्याची भावना झाली.

बेरीज आणि रुसवा एकाच जागी कसे जन्मतात, याचे याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही. ही खेळी उलगडून सांगणारा लेखक होता हंटर थॉम्पसन. अतिशयोक्त, बेताल, नशेच्या कथांसाठी प्रसिद्ध असलेला. 'फिअर अँड लोदिंग ऑन द कॅम्पेन ट्रेल '७२' या पुस्तकात तो या तांत्रिक भानगडीसाठी पानेच्या पाने देतो, मॅक्गव्हर्न यांच्या गोटातल्या रिक स्टर्न्स या तरुण हिशेबनिसाला बोलते करतो. त्याच्या आरडाओरड्याला हसणारे वाचक ही पाने बहुधा चाळून पुढे जातात. मला ती पुस्तकातली सर्वांत मोलाची वाटतात. व्हाइट यांच्या साच्याचा हिशेब चुकू लागला आहे, हे सभ्य वार्ताहरांच्या आधी या उडाणटप्पूने ओळखले होते. त्याचे पडलेले काम असे की, हरकत घेणाऱ्या स्त्रियांच्या बाकावर तोही जाऊन बसला नाही.

२००८ : आयडाहो आणि न्यू जर्सी

आता माझ्या वहीतल्या चुकीकडे येतो. २००८ पर्यंत डेमोक्रॅटिक पक्षात सर्वत्र प्रमाणशीर वाटणी आली होती. निम्म्याहून जास्त प्रतिनिधी मतदारसंघवार वाटले जात. समजा, एका मतदारसंघात चार प्रतिनिधी आहेत. एका उमेदवाराला ५८ टक्के मते मिळाली आणि दुसऱ्याला ४२, तरी वाटणी दोन-दोन होते. तीन-एक व्हायला साडेबासष्ट टक्क्यांच्या वर जावे लागते. तीन प्रतिनिधींच्या मतदारसंघात मात्र निसटत्या बहुमतालाही दोन-एक मिळतात. त्यामुळे मोठे राज्य थोड्या फरकाने जिंकून फारसे हाती लागत नाही. लहान राज्य मोठ्या फरकाने जिंकले तर लागते.

न्यू जर्सीत सुमारे अकरा लाख लोकांनी मतदान केले. क्लिंटन जिंकल्या, प्रतिनिधी ५९ विरुद्ध ४८, म्हणजे अकराची आघाडी. त्याच दिवशी आयडाहोत कॉकस झाले. सुमारे एकवीस हजार लोक आले. ओबामांनी ते १५ विरुद्ध ३ असे जिंकले, म्हणजे बाराची आघाडी. एकवीस हजारांनी अकरा लाखांची फिटंफाट करून वर एक उरवला. नेवाडात कॉकसची बेरीज क्लिंटन यांच्या बाजूची होती, पण प्रतिनिधी ओबामांना १३ आणि त्यांना १२. टेक्ससमध्ये मतपेटीत क्लिंटन जिंकल्या, पण त्याच रात्री झालेल्या कॉकससह हिशेब केला तर ओबामांना ९९ आणि त्यांना ९४. सुपर ट्यूसडेनंतर फेब्रुवारीत ओबामांनी ओळीने अकरा लढती जिंकल्या आणि जी आघाडी घेतली, ती पुढे तुटली नाही.

जॉन हाइलमन आणि मार्क हॅल्पेरिन यांचे 'गेम चेंज' हे २०१० मध्ये आलेले पुस्तक या निवडणुकीचे सर्वांत गाजलेले कथन. दोनशेहून अधिक लोकांशी लेखक बोलले. बोलणाऱ्यांची नावे उघड केली नाहीत. पुस्तकाचा मोठा भाग ओबामा-क्लिंटन लढतीचा आहे. कोण कोणावर चिडले, विमानतळावर काय बोलणे झाले, बंद दारामागे कोणी कोणाला काय सुनावले, हे सारे त्यात आहे. ते वाचताना खिळून जायला होते, आणि संपल्यावर क्लिंटन का हरल्या याचे उत्तर मनात उरते ते साधारण असे : गोटातली भांडणे, नवऱ्याचा आगाऊपणा, स्वतःचा संशयी स्वभाव. आयडाहो त्या उत्तरात नाही. या पुस्तकावरून एचबीओने २०१२ मध्ये चित्रपट काढला तेव्हा तर ओबामा-क्लिंटन लढत सगळीच गाळून सारा पेलिन यांची कथा तेवढी उचलली. व्यक्तिचित्रणच हवे असेल तर ती निवड बरोबर म्हणावी लागेल. पेलिन यांच्याइतके नाट्य त्या लढतीच्या गुणाकार-भागाकारात नव्हते.

दुसऱ्या टोकाला ओबामांचे प्रचारप्रमुख डेव्हिड प्लफ यांचे 'द ऑडॅसिटी टू विन' आणि प्रतिनिधींचा हिशेब सांभाळणारे जेफ्री बर्मन यांचे 'द मॅजिक नंबर'. यांत बेरीज आहे, पण ती शस्त्र म्हणून. आपण नियम वाचले, समोरच्यांनी वाचले नाहीत, असा विजेत्याचा सूर आहे. त्यात तथ्यही आहे. पुढच्या खेपेला, २०१६ साठी, क्लिंटन यांनी बर्मन यांनाच आपल्याकडे घेतले, यातच ते मान्य झाले. तटस्थपणे नियम समजावणारे पुस्तक हवे असेल तर एलेन कॅमार्क यांचे 'प्रायमरी पॉलिटिक्स' घ्यावे. कॅमार्क स्वतः पक्षाच्या राष्ट्रीय समितीत बसलेल्या. त्यामुळे नियम कोणाच्या सोयीने आणि कोणत्या भीतीने लिहिले गेले, हे त्यांना आतून ठाऊक आहे.

या साऱ्यांत एक प्रश्न कोणी विचारत नाही : एकवीस हजार माणसांच्या सभेला अकरा लाख मतांइतके वजन असावे, हे न्याय्य आहे का? ज्या कामगार बाईला ठरल्या संध्याकाळी दोन तास कॉकसला थांबता येत नाही, तिचे मत कुठे गेले? क्लिंटन यांच्या समर्थकांचा राग अशा प्रश्नांतून आला होता. 'गेम चेंज'सारखी पुस्तके त्या रागाला भावनेच्या खात्यात टाकतात आणि नियमांची पुस्तके त्याला खातेच देत नाहीत.

रुसलेल्यांची बाजू

समर्थकांच्या बाजूने लिहिलेले मला सर्वांत प्रामाणिक वाटलेले पुस्तक म्हणजे रिबेका ट्रेस्टर यांचे 'बिग गर्ल्स डोंट क्राय'. लेखिका आधी जॉन एडवर्ड्स यांच्याकडे झुकलेली. लढत चालू असताना, क्लिंटन यांच्याविषयी आपल्याच पुरोगामी मित्रांचे बोलणे ऐकून, हळूहळू क्लिंटन यांच्याकडे सरकते. आया आणि मुली यांच्यातली दुफळी, ओबामांवर भाळलेल्या तरुण पुरुषांचा उपहासाचा सूर, त्या सुराने दुखावलेल्या स्त्रिया, आणि या साऱ्यात कृष्णवर्णीय स्त्रियांना दोन्हीकडून विचारला जाणारा 'तू कोणाची?' हा प्रश्न. उमेदवारांच्या वैराहून समर्थकांचे वैर वेगळे असते, हे इथे कळते. उमेदवारांना एकमेकांची गरज पडणार असते. समर्थकाला उद्या ऑफिसात त्याच मित्राशेजारी बसायचे असते, आणि त्यासाठी कोणी मध्यस्थ येत नाही.

बेरीज आणि रुसवा समोरासमोर आले ती तारीख ३१ मे २००८. फ्लॉरिडा आणि मिशिगन या राज्यांनी पक्षाचे वेळापत्रक मोडून जानेवारीतच मतदान घेतले होते. शिक्षा म्हणून पक्षाच्या नियम समितीने त्यांचे सर्व प्रतिनिधी आधीच रद्द केले होते. त्या शिक्षेच्या बाजूने मत देणाऱ्यांत क्लिंटन यांचे निकटवर्ती हॅरल्ड इकिस हेही होते. मिशिगनमध्ये ओबामांनी आपले नावच मतपत्रिकेवरून काढून घेतले. तिथे क्लिंटन यांना ५५ टक्के आणि 'कोणालाही बांधील नाही' या पर्यायाला ४० टक्के मते पडली. वसंतात क्लिंटन मागे पडल्यावर त्यांच्या गोटाने मागणी सुरू केली : ही मते मोजा.

वॉशिंग्टनमधल्या एका हॉटेलात समितीची बैठक झाली. बाहेर निदर्शने, आत प्रेक्षकांत आरडाओरडा. फ्लॉरिडाच्या प्रतिनिधींना अर्ध्या मताचा अधिकार द्यायचे एकमताने ठरले. मिशिगनची वाटणी क्लिंटन ६९ आणि ओबामा ५९ अशी, तीही अर्ध्या-अर्ध्या मतांनी. क्लिंटन यांचे लोक ७३ आणि ५५ मागत होते. म्हणजे वाद उरला चार प्रतिनिधींचा, अर्ध्या मताने दोनाचा. ओबामांची आघाडी शंभराहून जास्त होती. त्या दोन मतांनी काही बदलणार नव्हते. तरी सभागृहातल्या स्त्रिया 'डेन्व्हर! डेन्व्हर!' म्हणून ओरडत होत्या; म्हणजे ऑगस्टच्या अधिवेशनापर्यंत लढू.

हा प्रसंग हट्टाचा, वेडेपणाचा म्हणून सांगितला जातो. मला तसा वाटत नाही. ज्या मतपत्रिकेवर ओबामांचे नाव नव्हते, तिच्यातून समितीने त्यांना ५९ प्रतिनिधी दिले. त्यासाठी प्रत्यक्ष मतांच्या जोडीला अंदाज वापरले. तडजोड म्हणून ते शहाणपणाचे असेल, पण मतमोजणी म्हणून ते विचित्र होते, आणि ओरडणाऱ्यांना ते बरोबर दिसले होते. दुसरीकडे, खेळ सुरू झाल्यावर नियम बदला म्हणणे हेही तितकेच गैर होते. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाबाबत मॅक्गव्हर्न यांच्या विरोधकांनी नेमके तेच केले होते. दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर होत्या, आणि निवाडाही अर्ध्या मताचा झाला.

अशा वेळी रुसलेल्यांना परत कोण आणणार? समिती आणू शकत नाही. जिंकलेल्याने काही म्हटले तर ते मीठ चोळणे ठरते. ते काम हरलेल्यालाच करावे लागते. ७ जूनला वॉशिंग्टनमध्ये क्लिंटन यांनी माघारीचे भाषण केले. स्त्रियांच्या डोक्यावरच्या अदृश्य काचेच्या छताला आपल्या १ कोटी ८० लाख मतांनी तितके तडे गेले आहेत, ही त्यातली प्रतिमा सगळ्यांना आठवते. २६ ऑगस्टचे डेन्व्हरच्या अधिवेशनातले भाषण मला त्याहून कठीण काम करणारे वाटते. नियम योग्य होते, असे त्या म्हणाल्या असत्या तर त्यांची माणसे दुखावली असती. अयोग्य होते म्हणाल्या असत्या तर उमेदवार दुखावला असता. त्यांनी तो प्रश्नच बाजूला ठेवला आणि समर्थकांना विचारले की तुम्ही माझ्या एकटीसाठी आला होता, की ज्यांची दुःखे आपण प्रचारात ऐकली त्यांच्यासाठी? दुसऱ्या दिवशी राज्यवार मतमोजणी मध्येच थांबवून ओबामांची निवड आवाजी मताने करावी, असा प्रस्ताव त्यांनीच मांडला.

हे किती कठीण असते ते १९८० मध्ये दिसले होते. जिमी कार्टर यांच्याकडून हरलेले एडवर्ड केनेडी न्यूयॉर्कच्या अधिवेशनात असे बोलले की सभागृह हेलावले, पण अखेरच्या रात्री व्यासपीठावर त्यांचा थंडपणा सगळ्या देशाने पाहिला. कार्टर नोव्हेंबरात हरले. महागाई, इराणमधले ओलीस अशी त्याची मोठी कारणे होती, हे खरे. पण हरलेल्याने आपल्या माणसांना पुढचा रस्ता दाखवला नव्हता, हेही खरे. मार्च २००८ मध्ये गॅलपच्या चाचणीत क्लिंटन यांच्या समर्थकांपैकी २८ टक्के जण ओबामा उमेदवार झाल्यास मॅकेन यांना मत देऊ म्हणत होते. नोव्हेंबरात मतदान केंद्रांबाहेर केलेल्या पाहणीत क्लिंटन हव्या असलेल्या डेमोक्रॅटांपैकी दहातल्या आठांहून जास्त जणांनी ओबामांना मत दिल्याचे दिसले.

पुढे काय झाले

कथनाच्या रीतीवर एवढे लिहायचे कारण असे की, लोक पुढची लढत मागच्या गोष्टीच्या आधाराने समजून घेतात. २०१६ मध्ये क्लिंटन यांनी बर्नी सँडर्स यांना मतांत आणि निवडून आलेल्या प्रतिनिधींत, २,२०५ विरुद्ध १,८४६, असे स्पष्ट हरवले. पण पदसिद्ध प्रतिनिधी, ज्यांना सुपरडेलिगेट म्हणतात, त्यांतले बहुतेक सुरुवातीपासूनच त्यांच्या बाजूला होते. कॅलिफोर्नियाच्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळी एका वृत्तसंस्थेने त्यांची मोजणी करून क्लिंटन यांना विजयी घोषित केले. लोक मतदानाला निघण्याआधीच निकाल. पुढे पक्षाच्या कार्यालयातल्या ई-मेल फुटल्या आणि अध्यक्षा पायउतार झाल्या. सँडर्स यांच्या समर्थकांना सगळेच आधी ठरलेले वाटले. बेरजेने ते हरले होते; पण बेरीज त्यांना कोणी नीट दाखवली नव्हती आणि जे दाखवले होते ते त्यांच्या संशयाला पोसणारे होते. २०१८ मध्ये पक्षाने नियम बदलला : लढत अटीतटीची असेल तर सुपरडेलिगेटांना पहिल्या फेरीत मत नाही. रुसव्यातून नियम झाला, १९६८ नंतर झाला होता तसाच.

व्हाइट यांच्या पुस्तकाला मी कमी लेखत नाही. माणसे नियमांसाठी नव्हे, माणसांसाठी रस्त्यावर उतरतात, आणि ते त्यांनी जसे दाखवले तसे कोणी दाखवलेले नाही. पण उमेदवाराचा स्वभाव हेच पराभवाचे कारण, असे वाचकाला वर्षानुवर्षे सांगत राहिले की दोन अनर्थ होतात. हरलेल्याची माणसे समजतात की आपला नेता कोणीतरी पाडला, आणि जिंकलेल्याची माणसे समजतात की समोरचे उगाच रडत आहेत. नियम मात्र दोघांच्याही नजरेआड राहतात, आणि नियम दिसत नाहीत तिथे प्रत्येक पराभव चोरीसारखा दिसू लागतो.

मला वाचायचे आहे ते पुस्तक अजून कोणी लिहिलेले नाही. ते ३१ मेच्या त्या हॉटेलात सुरू व्हावे. त्यात समितीच्या टेबलावरचे कागद असावेत आणि मागच्या रांगेत घसा बसेपर्यंत ओरडणारी, मिशिगनहून स्वतःच्या खर्चाने आलेली एखादी बाईही असावी. तिने नोव्हेंबरात काय केले, तेही असावे.

वहीतले ते दोन शब्द मी खोडलेले नाहीत. त्यांच्याखाली नंतर आकडे लिहिले आहेत : न्यू जर्सी ५९–४८, आयडाहो १५–३.